चौदा रोजांचं लुगडं

आमच्या खटाव तालुक्यातल्या घरात चुलीशेजारच्या कोनाड्यात डालड्याचा एक रिकामा डबा असायचा. पत्रा गंजून तांबूस झालेला, बुडाला पोचा आलेला, आत चिंचोके. सहा-सात वर्षांची असताना मी एकदा त्यातले मूठभर घेऊन अंगणात खेळायला बसले. आजी चुलीपुढून उठून आली आणि तिने माझ्या पाठीत धपाटा घातला. आजीचा मार मी जन्मात तेवढाच खाल्ला. एकेक चिंचोका वेचून तिने पदरात घेतला, दोनदा मोजला आणि मग मला जवळ ओढून म्हणाली, "बाय माझी, त्येच्याशी खेळायचं न्हाय गं. रोज हायती माझं."

रोज म्हणजे दिवसाची मजुरी. आजी कुणाच्या रानात भांगलायला, काढणीला, शेंगा तोडायला गेली की संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुवायच्या आधी डब्यात एक चिंचोका टाकायची. ज्याचं रान तो पैसे द्यायचा बाजाराच्या आदल्या दिवशी. मग ती डबा घेऊन उंबऱ्यावर बसायची, जेवढ्या रोजांचे पैसे हातात आले तेवढे चिंचोके बाहेर काढायची. डब्यात उरलेले चिंचोके म्हणजे लोकांकडे अडकलेले तिचे दिवस. लिहिता-वाचता येत नव्हतं. हा डबाच तिची वही होता.

त्यामुळे असेल, पण वस्तूची किंमत ती रुपयांत विचारतच नसे. वडिलांनी मला पाचवीत कंपासपेटी आणली, तेव्हा तिने ती हातात घेतली, उघडून बघितली, कर्कटकाचं टोक बोटाला लावून पाहिलं आणि विचारलं, "किती रोजाची?" वडील शिक्षक होते, महिन्याच्या पगाराचे. त्यांना हा हिशोब चटकन जमत नसे. ते रुपये सांगायचे, ती मनाशी बोटं मोडायची आणि म्हणायची, "म्हंजी दीड रोज." मग पेटी माझ्या हातात देताना सांगायची, "दीड रोज हाय बरं का त्यात. हरवू नगं."

तिच्या लुगड्याची गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की ती आता मला माझीच वाटते. "नवं पैसं निघालं त्या साली," अशी ती सुरुवात करायची. म्हणजे १९५७. त्या वर्षी १ एप्रिलपासून सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. तिचा रोज होता आठ आणे. नवे पैसे आले तरी ती आणेच मोजत राहिली. अंगावर एकच धड लुगडं होतं. दुसऱ्याचे दोन तुकडे दांड घालून जोडलेले. वडूजच्या बाजारात तिने एक लुगडं पाहिलं, हिरवं, तांबड्या काठाचं, नऊवारी. दुकानदाराने सात रुपये सांगितले. तिने घरी येऊन जमिनीवर चिंचोके मांडले, सात-सातच्या दोन ओळी. चौदा रोज.

चौदा दिवस राबलं की लुगडं आलं, असं कागदावर दिसतं. पण भांगलण असते श्रावण-भाद्रपदात, तीही पाऊस पडला तर. त्यानंतर काढणीपर्यंत हाताला काम नाही. आणि जो रोज मिळतो त्यातून आधी जोंधळे, मीठ, रॉकेल. आठ आण्यांतला एक आणा बाजूला पडला तरी ती सुखी. तिने त्या लुगड्याची पहिली भांगलण धरली तेव्हापासून ते अंगावर आलं तोपर्यंत मधे संक्रांत होऊन गेली. "पाच म्हैनं मी त्ये लुगडं डोळ्यानंच नेसत व्हते," ती म्हणायची. अंगावर आल्यावर ते तिने अकरा वर्षं वापरलं. शेवटी त्याच्या गोधडीत मी निजले आहे. हिरव्याचा राखी झाला होता, पण काठाचा तांबडा रंग एका कोपऱ्यात तसाच होता.

पुढे शिकायला साताऱ्याला गेल्यावर ग्रंथालयात मला एक अहवाल सापडला, भारत सरकारच्या शेतमजूर चौकशीचा. स्वातंत्र्यानंतर सरकारने पहिल्यांदाच देशभरातल्या शेतमजुरांच्या घरांत जाऊन विचारलं होतं, तुम्हाला काय मिळतं. १९५०-५१ च्या चौकशीत पुरुषाचा सरासरी रोज होता १ रुपया ९ पैसे आणि बाईचा ६८ पैसे. १९५६-५७ ला पुन्हा विचारलं, तेव्हा तो घटून पुरुषाचा ९६ आणि बाईचा ५९ पैसे झाला होता. स्वतंत्र देशाची पहिली पंचवार्षिक योजना त्याच काळात पार पडली. आजीचे आठ आणे म्हणजे ५० पैसे, देशाच्या सरासरीच्याही खाली. दुष्काळी पट्ट्यातलं गाव, तेव्हा नवल नाही. मी ते आकडे वहीत उतरवले आणि सुटीत तिला वाचून दाखवले. तिने शांतपणे ऐकलं. "सरकारला ठावं व्हतं म्हणायचं," एवढंच बोलली.

आमच्या गावात मारुतीच्या पारावर म्हातारी माणसं बसायची आणि स्वस्ताईच्या गोष्टी सांगायची. रुपयाला इतके जोंधळे, दोन आण्यांत इतका गूळ, तोळा सोनं शंभराच्या आत. आजही सांगतात. आता ते सांगणारे माझ्या वयाचे आहेत. माझ्या वडिलांनाही हा मोह आवरत नसे. आजी मात्र त्यांना तिथेच अडवायची. "रुपयाला अडीच-पावणेतीन शेर जुंधळं व्हतं, खरं हाय. पर रुपाया म्हंजी माझं दोन रोज." म्हणजे सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत वाकून खुरपं चालवलं की सव्वा शेर, फार तर त्याहून चिमूटभर जास्त. घरात खाणारी तोंडं पाच. सव्वा शेराच्या भाकरी पाच जणांत वाटल्या की सगळ्यात शेवटी ताट कुणाचं, हे कुणाला सांगायला नको. स्वस्ताईची आठवण ज्यांच्या हातात रुपया होता त्यांची आहे. ज्यांच्या हातात खुरपं होतं त्यांनी ती स्वस्ताई पाहिलेली नाही. हे मी आजीच्या वतीने ठामपणे लिहिते.

काडेपेटीचं उदाहरण ती हमखास द्यायची. पेटी होती एक आण्याची, म्हणजे तिच्या दिवसाचा आठवा हिस्सा. उन्हात तासाहून जास्त राबल्यावर एक काडेपेटी. म्हणून घरोघरी काडी ओढत नसत. सकाळी ज्याच्या चुलीतून धूर दिसेल त्याच्या घरी शेणीचा तुकडा घेऊन जायचं आणि विस्तव मागून आणायचा. रात्री निजताना निखारे राखेत पुरून ठेवायचे ते याचसाठी. मी लहानपणी हे पाहिलं आहे. पदराआड शेणी धरून, तिच्यावर फुंकर घालत, वाऱ्याला पाठ करून चालणारी आजी. तो गावचा शेजारधर्म होता असं लोक आता कौतुकाने लिहितात. होताच. पण त्याच्यामागे एका आण्याचा तो तासही होता.

विल्यम नॉर्डहाउस नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने उजेडाची किंमत अशीच मोजली. ते येल विद्यापीठातले, २०१८ चे नोबेल मानकरी. पूर्वीच्या माणसाला ठरावीक उजेड मिळवायला किती तास राबावं लागे आणि आजच्या माणसाला किती, हे त्यांनी शेकोटीपासून विजेच्या दिव्यापर्यंत मांडलं. त्यांचं काम वाचताना मला सारखा तो डालड्याचा डबा दिसत होता. रीत एकच आहे. पैशाची किंमत दर दहा वर्षांनी बदलते, नाणी बदलतात, मापं बदलतात. शेर-पायली जाऊन किलो आला. बाईचा दिवस मात्र तेव्हाही सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच होता.

दिवसाला किती दाणे पुरेत, हा प्रश्न सरकारने फार पूर्वीपासून विचारला आहे आणि त्याचं उत्तर फार कंजूषपणे दिलं आहे. आजीची सासू तिच्या सासूकडून ऐकलेली एक गोष्ट सांगायची, मोठ्या दुष्काळातली. बाया-माणसं सरकारी खडीवर जात, दिवसभर दगड फोडत आणि ओंजळभर दाणे घेऊन येत. मला ती अतिशयोक्ती वाटायची. ती नव्हती. १८७६-७८ च्या त्या दुष्काळात इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी ठरवलं की धडधाकट मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरेत. एक पौंड म्हणजे अर्धा किलोही नाही, आणि तेही दिवसभर दगड फोडणाऱ्या माणसाला. जानेवारी १८७७ मध्ये हा दर लागू झाल्यावर दख्खनमधले हजारो मजूर कामावरून उठून गेले. उपाशी असताना उठून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने, त्यांची बाजू सरकारदरबारी मांडली. आपल्याकडच्या संपांचा इतिहास गिरणीपासून सुरू करतात. माझ्या मते तो या खडीवरून सुरू करायला हवा.

आणि गिरणीतही वेगळं काय होतं? मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये गिरणगावातल्या चाळींतून फिरून कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. फिंडले शिर्रास त्या कचेरीचे प्रमुख होते. तांदूळ, ज्वारी, बाजरी, तूरडाळ, मीठ, चहा, सगळं टिपलं. कुटुंबाची सरासरी मिळकत महिना ५२ रुपये आणि त्यातला निम्म्याहून जास्त पैसा पोटात जात होता. जवळजवळ निम्मी कुटुंबं कर्जात, आणि व्याज रुपयाला महिना एक आणा, म्हणजे वर्षाला शेकडा पंचाहत्तर. पण त्या अहवालातलं एक वाक्य मी विसरू शकत नाही. त्याचा आशय असा, की दुष्काळी नियमांत जास्तीत जास्त जेवढं धान्य ठरवून दिलेलं आहे तेवढं गिरणी कामगाराच्या पोटात जातं, पण मुंबईच्या तुरुंगात कैद्याला जेवढं देतात त्यापेक्षा ते कमी आहे. मुंबईच्या श्रीमंतीचा पाया घालणारा माणूस कैद्यापेक्षा कमी खात होता, आणि हे सरकारनेच मोजून छापलं.

आमचे आबा, म्हणजे आजोबा, १९४६ साली मुंबईला गेले. खटाव-माणची पोरं तेव्हा दोनच वाटांनी जात. काही गलाईच्या कामाला, सोनं-चांदी गाळायला, देशभर; बाकीची गिरणीत. आबा बदली कामगार म्हणून लागले. बदली म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं, कुणी कायमचा माणूस आला नाही तर आत, नाहीतर परत खोलीवर. लालबागला एका खोलीत गावातलेच बाराजण. पाळ्या वेगळ्या, म्हणून अंथरूण एकच. एक उठला की दुसरा निजायचा. जेवण खाणावळीत. या खाणावळी चालवणाऱ्या बायका पहाटे चारपासून भाकऱ्या थापत, आणि त्यांच्या तासांची कुठल्याच हजेरीपटात नोंद नव्हती. पुढे १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेच्या दारापर्यंत नेलं, पण ते पंचवीस-तीस वर्षांनी.

१९४७ मध्ये औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने मुंबईच्या गिरण्यांत कमीत कमी मूळ पगार ठरला, २६ दिवसांना ३० रुपये. त्यावर महागाई भत्ता. हा भत्ता मुंबईच्या राहणीखर्चाच्या निर्देशांकाला बांधलेला होता. बाजारात ज्वारी, डाळ, रॉकेल महागलं की आकडा चढायचा आणि त्याच्या मागे भत्ता चढायचा. आबा त्याला "आकडा" म्हणत. खोलीत संध्याकाळी आकड्याची चर्चा व्हायची, वर्तमानपत्र वाचून दाखवलं जायचं. मोठ्या लढ्यांनी मिळवलेली ती गोष्ट होती. वस्तू महाग झाली तर माझा दिवस स्वस्त होता कामा नये, हे गिरणी कामगाराने मालकाकडून आणि सरकारकडून मान्य करून घेतलं होतं.

एका दिवाळीला आबा गावी आले आणि कौतुकाने सांगू लागले की आकडा वाढला, भत्ता वाढला. आजी भाकरी थापत होती. तिने मान वर न करता विचारलं, "जुंधळं तितं महागलं म्हणून तुमचा रोज वाढला. हितं बी महागलं. माझा का न्हाय वाढला?" आबा गप्प बसले. ही गोष्ट आबांनीच मला सांगितली, ते निवृत्त होऊन गावी आल्यावर. "तिला काय उत्तर देणार? आमची युनियन होती. तिच्या रानात युनियन कुठली?" आबांच्या मनिऑर्डरीवर घर उभं राहिलं, माझे वडील शिकले, हे सगळं खरं. पण तिचा प्रश्न त्यांना आयुष्यभर टोचत होता, आणि त्यांनी तो लपवला नाही, म्हणून मला ते मोठे वाटतात.

१९७२ ला मी सहा वर्षांची होते. त्या आधीचं वर्षही कोरडंच गेलं होतं. विहिरींचे तळ दिसत होते, जनावरं दावणीतून नाहीशी होत होती. गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं आणि गाव झाडून तिकडे लोटलं. ज्यांच्या रानात आजी भांगलायला जायची त्या घरच्या लेकी-सुनाही डोक्यावरून पदर पुढे ओढून पाट्या उचलायला आल्या. आजी मला बरोबर न्यायची. मला आठवते ती सुकडी. कागदावर मिळणारी तपकिरी, गोड, जिभेवर रवाळ. आम्ही पोरं तिच्यासाठी रांगेत उभी राहायचो. आणि रेशनची लाल मिलो ज्वारी. तिच्या भाकरीला चिरा जायच्या, दातात कचकचायची. आजी ती थापताना पीठ पुन्हा पुन्हा मळायची आणि काही बोलायची नाही.

काम चौकडीवर असे. ठरलेल्या लांबी-रुंदीचा चौकोन खणायचा, मधे मातीचा एक खांब तसाच राखायचा. त्या खांबाच्या उंचीवरून माप घेणारा खोली मोजायचा. कठीण मुरूम लागला तर दिवसभर खणूनही खांब वीतभर दिसायचा. हजेरी पडायची तीन रुपये. बाजारात ज्वारी दोन रुपये किलोवर गेलेली, तीही दुकानदाराने आतून काढली तर. दीड किलो. नव्या पैशाच्या साली सव्वा शेर, पंधरा वर्षांनी दीड किलो. मधे आठ आण्यांचे तीन रुपये झाले होते, सहापट, आणि ताटात वाढलं होतं ते अर्ध्या भाकरीएवढं.

त्याच वर्षी मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी बायकांना घेऊन लाटणी हातात धरून मोर्चे काढले. महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती त्यातून उभी राहिली. आमच्या तलावावर लाटणं नव्हतं, चिंचोके होते.

पगाराचा दिवस होता. हजेरी घेणारा कारकून पत्र्याच्या टेबलामागे बसला होता. अंगठ्याची शाई, रांग, धूळ. आजीची पाळी आली. त्याने पाच दिवस वाचले. आजी म्हणाली, सहा. तो म्हणाला, कागदावर पाच आहेत, अंगठा कर आणि पुढे हो. आजीने कनवटीची गाठ सोडली आणि टेबलावर सहा चिंचोके मांडले, एकापुढे एक, सरळ ओळीत. कारकून हसला. आजी हसली नाही. तिने पहिल्या चिंचोक्यावर बोट ठेवलं आणि सांगायला सुरुवात केली: ह्या दिशी वरच्या अंगाला मुरूम लागला, टिकाव मोडला. ह्या दिशी पाणी आलं न्हाय, दुपारी सुट्टी केली, पर चौकडी पुरी हाय. ह्या दिशी हिची आजारी पोर मी राखली. चौथा, पाचवा, सहावा. रांगेतली दुसरी बाई पुढे आली आणि तिने पदराच्या गाठी दाखवल्या. तिसरीने पत्र्याच्या डब्यावर कोळशाने ओढलेल्या रेघा दाखवल्या. सगळ्यांच्या सहा. कारकुनाने शाईचं पेन झटकलं आणि पाचाचा सहा केला. एका बाईचा नाही, त्या रांगेतल्या सतरा बायकांचा. मी तिथे उभी होते. माझ्या हातात सुकडीचा कागद होता. पुढे मी जे काही शिकले, त्यातलं फार थोडं त्या सहा चिंचोक्यांइतकं पक्कं माझ्या डोक्यात बसलं आहे.

त्या दुष्काळातून महाराष्ट्राने एक गोष्ट केली, जिचा मला अभिमान आहे. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ मध्ये एक प्रयोग केला होता, काम मागेल त्याला काम देण्याचा. दुष्काळात तोच राज्यभर रोजगार हमी योजना म्हणून पसरला. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणं हा हक्क ठरला. शहरातल्या पगारदारांनी व्यवसाय कर भरला, त्या पैशातून खेड्यात बांध-तलाव झाले. देशाचा कायदा व्हायला त्यानंतर २००५ साल उजाडावं लागलं.

आजीला त्या योजनेतलं सगळ्यात आवडलेलं कलम वेगळंच होतं. दाम मापावर होतं. जेवढं खणलं तेवढं दाम, खणणारा गडी असो की बाई. पहिल्यांदा जेव्हा तिला शेजारच्या गड्याइतकेच पैसे मिळाले, तेव्हा तिने ते मोजले, परत मोजले आणि घरी येऊन आबांना सांगितलं, "मापाला बाई-गडी कळत न्हाय." पन्नाशी उलटलेली होती तिची. चाळीस वर्षं राबल्यावर तिचा दिवस पहिल्यांदा पुरा दिवस धरला गेला.

गिरण्यांचं पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना परत जायला दारच उरलं नाही. माझे धाकटे चुलते त्यात होते. महिन्याच्या पगाराचा, भत्त्याचा, बोनसचा माणूस गावी येऊन रोजावर गेला. आजीने त्यांच्यासाठी कोनाड्यात दुसरा डबा ठेवला.

ती १९९४ मध्ये गेली. तिचा हिशोब मी सोडलेला नाही. परवा गावी गेले होते तेव्हा पुन्हा मांडला. आमच्याकडे आता बाईचा रोज तीनशे रुपये आहे. ज्वारी पन्नास रुपये किलो, म्हणजे एका रोजात सहा किलो. आजीच्या सव्वा शेराच्या जवळजवळ पाचपट. काडेपेटी १ डिसेंबर २०२१ पासून दोन रुपयांची झाली तेव्हा सगळीकडे ओरड झाली, पण दोन रुपये म्हणजे तीन मिनिटांचं काम, आणि आजीला तासाहून जास्त वेळ लागत होता. सहाशेची साडी दोन रोजांची. चौदाचे दोन झाले. ही लहान गोष्ट नाही. माझ्या डोळ्यांसमोर एका पिढीत हे झालं, आणि जे म्हणतात की काहीच बदललं नाही, त्यांनी अकरा वर्षं एकच लुगडं नेसलेल्या बाईशी बोलायला हवं होतं.

मात्र हिशोबाची दुसरी बाजूही आहे. स्वातंत्र्याच्या वर्षी दहा ग्रॅम सोनं ८८ रुपयांच्या आसपास होतं. आजीच्या १९५७ च्या आठ आण्यांच्या रोजाने मोजलं तर पावणेदोनशे रोज. २०२५ च्या एप्रिलमध्ये ते लाखावर गेलं. तीनशेच्या रोजाने तीनशे तेहतीस रोज, आणि त्यानंतर भाव आणखी चढला. सोन्याचं एक वेळ सोडा. आमच्या शेजारची बाई, भांगलायला जाणारी, गेल्या वर्षी पोटाच्या ऑपरेशनला तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात गेली. बिल झालं चाळीस हजार. एकशे तेहतीस रोज. तिला वर्षाकाठी कामच मिळतं ते सव्वाशे-दीडशे दिवस. चार दिवसांच्या खाटेवर तिचं अख्खं वर्ष गेलं. दोन नातवंडांची इंग्रजी शाळेची फी आणखी वेगळी. दाणा, कापड, काडी, दिवा स्वस्त झाले, कारण यंत्रांनी ते सगळं मुबलक केलं. दवाखाना, शाळा, घराची जागा या गोष्टी रोजाच्या हिशोबात वर चढल्या, आणि याच गोष्टी आजच्या बाईला तिच्या लेकरांसाठी हव्या आहेत. आजीला लुगडं हवं होतं, हिला लेकीची बारावी हवी आहे.

तीनशे हा बाईचा रोज. गड्याचा रोज आमच्या गावात पाचशे आहे. मी पारावर बसून ही दोन्ही माणसं जाताना पाहिली. एकाच रानात, एकाच उन्हात, सकाळी एकाच वेळी. घरी येऊन जुनी वही काढली. १९५६-५७ : गडी ९६ पैसे, बाई ५९. आणा-हिशोबाने गड्याच्या रुपयाला बाईचे दहा आणे. आज पाचशेला तीनशे. पुन्हा दहा आण्यांच्या आतच. ज्वारी पाचपट मिळू लागली, लुगड्याचे चौदाचे दोन झाले, समान वेतनाचा कायदा १९७६ मध्ये झाला, रोजगार हमीच्या कामावर २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात बाई आणि गडी दोघांनाही ३१२ रुपये होते, आणि रानातले हे दहा आणे जागचे हललेले नाहीत.

आमच्याकडे सालगड्याचं साल आणि वर्षाचे मजुरीचे दर गुढीपाडव्याला ठरतात. ते ठरवायला जी माणसं बसतात, त्यांत रान असलेले माझे भाऊबंद आहेत, माझ्याच शाळेत शिकलेले. त्यांना माझी विनंती आहे, आणि ज्या गावात हे वाचलं जाईल तिथल्या शेतकऱ्यांनाही. येत्या पाडव्याला दर ठरवताना बाईचा रोज गड्याइतका करा. आणि त्या बैठकीला दोन भांगलणाऱ्या बायका बोलवा.